आठवाल्यांना चार जड कसे? असं विचारणाऱ्यांसाठी

अडगळ: परवा इथेच कुणीतरी ठोकून दिलं: 'मराठीत विभक्त्या आठ, जर्मनमध्ये चारच. म्हणजे मराठी माणसाला निम्मंच काम.' खाली 'वा वा'ची रांग. मी जर्मनच्या बी-वन पातळीच्या लेखी परीक्षेत दोनदा आपटलोय, तेव्हा थोडं बोलतो.

आपली द्वितीया 'स, ला, ते' आणि चतुर्थीही 'स, ला, ते'. जर्मनचा सगळा जीव ज्या फरकात, तो आपल्या कानाला ऐकूच येत नाही. 'त्याला विचारलं', 'त्याला उत्तर दिलं'. आपल्याला 'त्याला' एकच. तिकडे फ्रागनला (विचारणे) आक्कुझाटिव (त्यांची द्वितीया), म्हणजे 'ईन', आणि आंटवोर्टनला (उत्तर देणे) डाटिव (त्यांची चतुर्थी), म्हणजे 'ईम'. मी वर्षभर दोन्हीकडे 'ईम' लावला, तोही छातीठोकपणे, कारण आम्हाला काय, विभक्ती कळते!

शब्दचिवडा: रडगाणं अर्धवट आहे. 'मिअर इस्ट काल्ट' घ्या. इंग्रजीवरून जाणारे 'इश बिन काल्ट' ('मी थंड आहे') म्हणून स्वतःला थंड काळजाचे ठरवतात. आपण 'मला थंडी वाजते'वरून थेट डाटिवला पोचतो. गेफालनचंही (आवडणे) तेच. 'मला आवडतं', आवडणारी वस्तू कर्ता. मला हे कुणी समजावावंच लागलं नाही. तुम्ही आपटलात ते अभ्यासाअभावी, त्यात मराठीला कशाला ओढता?

अडगळ: आलात अभ्यासावर, छान. मग 'मला भूक लागली'चं काय? 'इश हाबं हुंगर'. 'मला जर्मन येतं'? 'इश कान डॉइच'. तिथे तुमचा 'मला' कुठे गेला?

काठावरची: मला 'हालचाल असली की आक्कुझाटिव' शिकवणाऱ्यांचा राग आहे. मी परीक्षेत 'मी बागेत धावते'साठी 'इश योगं इन डेन पार्क', म्हणजे आक्कुझाटिव, लिहून आले. धावत होते की, अजून किती हालचाल करू? पण बागेतल्या बागेत धावलं तर डाटिव, 'इम पार्क'. बाहेरून आत शिरलं तरच 'इन डेन'. आणि मराठी इथेही कामाची नाही. टेबलावर ठेव, टेबलावर आहे, दोन्हीकडे 'वर'च.

तिरकस: अवांतर: विभक्ती राहू द्या, लिंगाचं बोला. डेर-डी-डास (नामाआधीची पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी आर्टिकलं) चुकलं की पुढचं डेन-डेम (त्यांचीच विभक्तीतली रूपं) आपोआप चुकतं. चमचा डेर, काटा डी, सुरी डास. एका ताटाशेजारी तिघे आणि तिघांची तीन लिंगं.

शब्दचिवडा: नियम आहेत हो. शेवटी -उंग, -हाइट, -काइट प्रत्यय आला की डी. -शेन आला की डास, म्हणून मेडशेन (मुलगी) डास.

तिरकस: डेर श्प्रुंग (उडी). घ्या. आहे की उंग.

शब्दचिवडा: त्यातला उंग प्रत्यय नाही, ते श्प्रिंगनपासून (उडी मारणे) आलेलं नाम आहे. उद्या म्हणाल ईकारान्त म्हणजे स्त्रीलिंग, मग 'ती पाणी' का नाही?

तिरकस: बरं. मुद्दा एवढाच की नियम पाठ करून कुणी बोलत नाही. मी सहा वर्षं तिकडे आहे. शंका आली की 'डे...' म्हणून शेवट गिळतो. कुणाचं काही अडत नाही.

काठावरची: गिळून लिहिता येत नाही ना! मी प्रत्येक नाम आर्टिकलसकट पाठ केलंय, डेर निळ्या पेनाने, डी लाल, डास हिरव्या.

तिरकस: म्हणजे बोलताना आधी रंग आठवायचा, मग आर्टिकल, मग विभक्ती. तोवर समोरचा जेवून येतो.

काठावरची: सहा वर्षं राहून 'डे...' वर अडकलेल्यांनी शिकवू नये.

तिरकस: परीक्षेसाठी भाषा शिकणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. असो.

अडगळ: माझ्या धाग्यावर ताटातले चमचे मोजताय. आणि हो, गेनिटिव (त्यांची षष्ठी) मेला म्हणता ना सगळे? बोलताना 'वेगन डेम वेटर' ('हवेमुळे', डाटिव लावून) सर्रास चालतं. मी लेखी परीक्षेत तेच लिहिलं तर लाल रेघ. तिथे 'वेगन डेस वेटर्स'च हवं होतं. मेलेला माझेच गुण कापतो.

'मिअर इस्ट काल्ट'चं मात्र मान्य. परीक्षेत नुसती थंडीच वाजत राहिली असती, तर पहिल्या फेरीत पास होतो.

शब्दचिवडा: खोचकपणा पोचला. तुमचं फ्रागन-आंटवोर्टन वाचून कालचा ऑफिसचा मेल उघडून पाहिला. साहेबांना 'इश फ्रागं ईनेन' लिहिलंय, म्हणजे 'तुम्हाला' डाटिवमधला. आक्कुझाटिवमधलं 'झी' हवं होतं. कुणाला सांगू नका.