एफ/२.८ की एफ/४? सोनीच्या क्रॉप बॉडीसाठी वाइड झूम

फेरीबोट:
बॉडी सोनी अल्फा ६४००, सोबत किटची १६-५०. आता वाइड झूम (जवळून रुंद दृश्य टिपणारी लेन्स) घ्यायची आहे आणि नजर तिघींवर आहे: सिग्मा १०-१८ एफ/२.८, टॅमरॉन ११-२० एफ/२.८ आणि सोनीची पॉवर झूमवाली १०-२० एफ/४ जी. काम म्हणाल तर तांबडी सुर्लासारखी देवळं, जुन्या गोव्यातली चर्चं, शिगम्याचे चित्ररथ आणि मधूनमधून होमस्टेच्या खोल्या. माझं मत सोनीच्या बाजूचं. तिचं वजन १७८ ग्रॅम, सिग्मा २६०, टॅमरॉन ३३५. एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि प्रकाश जास्त, पण वास्तू टिपायच्या त्या एफ/८ ला, मग २.८ चं ओझं कशाला? खोडून काढायचं असेल तर हिशेबासकट काढा.

चिरेबंद:
घ्या हिशेब. एफ/८ ची गोष्ट ट्रायपॉड असेल तर. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत हातातला कॅमेरा चालतो, ट्रायपॉडला आधी परवानगी काढावी लागते. म्हणजे तांबडी सुर्लाला फोटो हातानेच निघणार. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आत काळ्या बसाल्टमधलं छतावरचं कमळ अंधारात. ६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं सावरणारी सोय) नाही, त्यामुळे १० मिमीला शटर १/१५ सेकंदाच्या खाली असेल तर हातावर भरवसा नको. समजा १/१५ ला एफ/२.८ वर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदना) १६०० लागतोय. तोच एफ/४ ला ३२०० होतो आणि एफ/८ ला १२८००. काळ्या दगडातलं बारीक कोरीव काम १२८०० ला दाण्यात, म्हणजे नॉइजमध्ये बुडून जातं, नॉइज काढायला गेलात तर मेणासारखं गुळगुळीत होतं.

वाइडला एफ/८ शिवाय सगळं स्पष्ट येत नाही, ही नुसती सवय आहे. क्रॉप सेन्सरवर १० मिमी, एफ/२.८, फोकस १.८ मीटरवर ठेवा: ९० सेंमीपासून अनंतापर्यंत कामापुरतं स्पष्ट मिळतं. एफ/४ ला हाच फोकस सव्वा मीटरवर येतो, एफ/८ ला ६५ सेंमीवर. पायाशी रांगोळी नसेल तर एफ/८ ची गरज कुठे पडते?

काजूबी:
चिरेबंद, गणित बरोबर, पण त्यात कोपरे धरलेले नाहीत. सिग्माने ही लेन्स लहान ठेवताना डिस्टॉर्शन आणि कोपऱ्यांचा काळेपणा सॉफ्टवेअरवर सोडलाय. १० मिमीला दुरुस्ती लागली की कोपरे ताणले जातात आणि वर उजळवलेही जातात, म्हणजे मधे आयएसओ १६०० असला तरी कोपऱ्यातला दाणा त्याहून जास्त. मंडपाच्या खांबांच्या कडा नेमक्या तिथेच येतात. म्हणून शेवटी तुम्ही छिद्र एफ/४ पर्यंत बारीक करणारच. मग सोनीत काय वाईट?

शिवाय न हलणाऱ्या वस्तूसाठी एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, मिळवायला लेन्स कशाला बदलायची? भिंतीला किंवा खांबाला खांदा टेका, बर्स्टवर (एकामागून एक फोटो) ठेवून चार फ्रेम घ्या, सॉफ्टवेअरमध्ये जुळवून त्यांची सरासरी काढा. चार फ्रेमच्या सरासरीने नॉइज निम्मा होतो, म्हणजे दोन स्टॉपचा फायदा. एफ/२.८ एकच देतं.

मांडवीकाठ:
काजूबी, कमळ हलत नाही, शिगमो हलतो मरे! रोमटामेळात, शिगम्याच्या मिरवणुकीत, ढोल वाजवणाऱ्याचा हात १/१२५ ला सुद्धा थोडा पुसतो. संध्याकाळनंतर चित्ररथाचे दिवे आणि रस्त्यावरचे दिवे एवढ्यावरच काम. तिथे सरासरी नाही, स्टॅबिलायझेशन नाही, फक्त छिद्र मोठं असणं कामाला येतं. नरकासुराच्या रात्रीही तेच.

पण मी सिग्माऐवजी टॅमरॉन म्हणेन. मिरवणुकीत १० मिमी फार वेळ लागत नाही. कडेला उभा असलेला माणूस १० ला असा ताणला जातो की डोकं नारळासारखं लांबट दिसतं. माणसं १५ ते २० मिमीला बरी येतात, आणि टॅमरॉन २० पर्यंत जाते. सिग्मा १८ ला थांबते.

चिरेबंद:
टॅमरॉनवर एकच आक्षेप, तिचा ११. कागदावर एक मिलिमीटर, पण अरुंद जागेत तो जाणवतो. आडव्या फ्रेममध्ये १० मिमी साधारण ९९ अंश बघते, ११ साधारण ९४. भिंत तीन मीटरवर असेल तर १० ला सात मीटर पाच सेंमी रुंदी येते, ११ ला सहा मीटर चाळीस. पणजीच्या मळ्यातल्या गल्लीत समोरच्या घराचं एक अख्खं दार त्या ६५ सेंमीत जातं.

उंचीचंही बघा. मंगेशीची सात मजली दीपमाळ सरळ उभी यायला हवी तर कॅमेरा वर झुकवायचा नाही, समपातळीत धरायचा. दहा मीटरवरून, उभ्या फ्रेममध्ये, कॅमेरा दीड मीटर उंचीवर: १० ला सव्वा तेरा मीटरपर्यंतचं दिसतं, ११ ला बारा मीटरच्या किंचित वर. झुकवून नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करायचं तर वरच्या बाजूच्या कडा कापल्या जातात, तेव्हा आधीच मोकळी जागा सोडावी लागते. तिथेही १० च कामाला येते.

मळ्यातली:
मळ्यातल्या गल्लीचं नाव निघालंच आहे तर सांगते: ती राहती घरं आहेत. दारासमोर उभं राहून पाच फ्रेम काढण्याआधी विचारा.

आता होमस्टेच्या खोल्या. इथे तुमचा हा सगळा वाद फुकट आहे. खोलीत ट्रायपॉड चालतो, मग २.८ काय आणि ४ काय! कॅमेरा सुमारे १२० सेंमी उंचीवर, अगदी समपातळीत, एफ/८, आयएसओ १००. खिडकीतलं दुपारचं ऊन आणि आतलं लाकडी छत एका फ्रेममध्ये मावत नाहीत, म्हणून ब्रॅकेटिंग: दोन-दोन ईव्हीच्या (म्हणजे स्टॉपच्या) अंतराने कमी-जास्त उजेडाच्या पाच फ्रेम. ब्रॅकेटिंगच्या सेटिंगमध्ये सेल्फ टायमर दोन सेकंदांवर लावा, बटण दाबताना होणारं हादरणं जातं. पंखा बंद करा, नाहीतर पाच फ्रेममध्ये पाती पाच ठिकाणी. आणि १० मिमी लावून पलंग टेनिस कोर्टाएवढा दाखवू नका. पाहुणा येतो, खोली बघतो आणि मालकाशी भांडतो. १३-१४ मिमी पुरे.

काजूबी:
फेरीबोट, तुमच्या यादीत नसलेली एक सुचवतो. सोनीचीच जुनी १०-१८ एफ/४ ओएसएस (ओएसएस म्हणजे लेन्समधलं स्टॅबिलायझेशन), २०१२ ची. वजन २२५ ग्रॅम, फिल्टर ६२ मिमी. तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे आणि तुमच्या बॉडीत नाही, हे जमतं. न हलणाऱ्या वस्तूला हातात १/४ पर्यंत उतरता येतं, म्हणजे १/१५ च्या मानाने दोन स्टॉप. उद्या अल्फा ६७०० घेतलीत तर बॉडीतच स्टॅबिलायझेशन येईल आणि या लेन्सचं महत्त्व संपेल, हेही खरं.

मांडवीकाठ:
पात्रांव, सेकंडहँड लेन्स आणि गोव्याची हवा! घ्यायचीच तर मागचं पुढचं झाकण काढून, छिद्र पूर्ण उघडून, एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की ती बुरशी. हात लावू नका, किंमत कमी केली तरी नको.

शिवाय त्या जुन्या लेन्सला पाण्यापासून संरक्षण नाही. सिग्माला फक्त माउंटपाशी रबराची सील आहे, टॅमरॉन आणि सोनी जी या दोघींचं बांधकाम ओलावा रोखणारं आहे. अर्थात ओलावा रोखणं म्हणजे चोर्ल्यात आषाढाच्या पावसात उघडी धरणं नव्हे.

चिरेबंद:
पावसाचं निघालंय तर आणखी एक. वाइडला पुढच्या काचेवरचा थेंब एफ/११ ला करड्या डागासारखा उठून दिसतो, कारण फोकसची खोली इतकी असते की काचेजवळचंही थोडंफार आकार धरतं. एफ/४ ला तोच थेंब बराच विरतो. धबधब्याला शटर लांबवायला छिद्र बारीक करण्यापेक्षा सहा स्टॉपची एनडी (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा. पोलरायझर ओल्या चिऱ्यावरची चकाकी काढायला उत्तम, पण फ्रेममध्ये निळं आभाळ असेल तर १० मिमीला मधे गडद पट्टा पडतो. अशा वेळी काढून ठेवा. सिग्मा आणि टॅमरॉन दोघींना ६७ चा फिल्टर, सोनीला ६२ चा.

मिरामार, दोनापावलाच्या वाऱ्यात काचेवर खारट थर बसतो. कोरड्या कापडाने घासू नका, मिठाचे कण कोटिंग खरवडतात. आधी ब्लोअर, मग क्लीनरने ओला केलेला टिश्यू, हलक्या हाताने. आणि एसी गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढलात की काच धुरकटते. बॅगेत बंद ठेवून वीसेक मिनिटं जाऊ द्या. घरी ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर, नाहीतर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक.

काजूबी:
हे सगळं मान्य, पण सोनीची एक बाजू कोणी घेतली नाही: व्हिडिओ. तिचा झूम आतल्या आत होतो, लांबी बदलत नाही, गिंबलचा (कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या दांड्याचा) तोल बिघडत नाही. चित्ररथ पुढे सरकताना सावकाश झूम हवा तर हाताने फिरवून तो जमत नाही. मात्र कॅमेरा बंद असताना तिचा झूम हलत नाही, हे काहींना खटकतं.

फेरीबोट:
व्हिडिओ मी काढत नाही. शिगम्याचा मुद्दा पटला, खोल्यांसाठी कोणतीही चालते हेही पटलं. सोनी रद्द. सिग्मा घेतो, टॅमरॉनवाल्यांनी रागावू नये. दुकानात कॉपी, म्हणजे हातात येणारा नग, तपासायची कशी?

चिरेबंद:
दुकानात नाही, बदलून घेण्याची मुदत असेपर्यंत घरी तपासा. गिलावा न केलेली चिऱ्यांची भिंत गाठा. ट्रायपॉड दोन मीटरवर, भिंतीला समांतर, १० मिमी, एफ/२.८ आणि एफ/५.६ ला एकेक फ्रेम. चारही कोपऱ्यांतल्या दरजा शंभर टक्के मोठ्या करून बघा. सगळे कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर ती लेन्सची जात. एकच कोपरा पुसट असेल तर कॅमेरा उलटा, डोक्यावर करून पुन्हा काढा. फाइलमध्ये तोच कोपरा पुसट राहिला तर दोष लेन्सचा, परत करा. पुसटपणा समोरच्या कोपऱ्यात गेला तर तुम्ही कॅमेरा तिरका लावला होता.

मांडवीकाठ:
एफ/५.६ ला कोपरा सुधारला म्हणून समाधान मानू नका. २.८ साठी पैसे मोजताय, २.८ वरच बघा.