मदत हवी आहे: आईची जनुकीय तपासणी पुन्हा करायची आहे

नमस्कार मंडळी. आईने कधी तंबाखूला हात लावला नाही, तरी फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. ईजीएफआर (पेशींच्या वाढीशी संबंधित) जनुकात एक्झॉन १९ डिलीशन, म्हणजे जनुकाचा एक छोटा भाग गळालेला, सापडलं, म्हणून केमोऐवजी जेफिटिनिब या, त्या बदललेल्या जनुकावरच काम करणाऱ्या औषधाची रोज एक गोळी सुरू झाली. १४ महिने छान गेले, भाजीही स्वतः आणायची. आता स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसतेय. डॉक्टर म्हणतात, टी७९०एम हा त्याच जनुकातला नवा बदल (ज्याने ही गोळी लागू पडेनाशी होते) झालाय का ते आधी रक्तातून पाहू. असेल तर ओसिमर्टिनिब ही दुसरी गोळी देता येईल. रक्तात नाही सापडला तर मात्र पुन्हा सुईने तुकडा काढावा लागेल, आणि मागच्या बायोप्सीत तिला फार त्रास झाला होता. कुणाच्या घरी असं झालंय का? रक्ताच्या रिपोर्टला किती दिवस लागले? तोवर जुनी गोळी चालू ठेवली होती का? मंगळवारी डॉक्टरांना भेटायचंय, त्याआधी कृपया सांगा.