अकलूजला दोन घोड्या न्यायच्यात, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडू का?

बावडेकर_अश्व
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहतो, घरी दोन घोड्या आहेत, एक मारवाडी आणि एक काठेवाडी. दिवाळीला अकलूजच्या घोडेबाजाराला न्यायचं मनात आहे, विकायच्या नाहीत, एक शिंगरू बघायचंय आणि चार जाणकार भेटतील म्हणून. घरचा ट्रॅक्टर आहे, उसाच्या दोन ट्रॉल्या आहेत आणि सीझन अजून धरलेला नसतो त्यामुळं मोकळ्याच असतात. तर एका ट्रॉलीला बांबू-ताडपत्री करून घोड्या उभ्या करायच्या आणि तिच्या मागं दुसरी जोडून तिच्यात कडबा, पाण्याची टाकी, तंबू, खोगीर सगळं टाकायचं असा विचार आहे. उसाला डबल ट्रॉली ओढतोच की आपण, इथं तर घोड्या आणि सामान मिळून दोन टन पण भरत नाही. रस्ता मिरज, सांगोला, वेळापूर असा, दोनशे किलोमीटरच्या आसपास. असं कुणी नेलंय का? आणि घोड्या पुढच्या ट्रॉलीत घेऊ का मागच्या?

शिरोळ_ट्रॉलीवाला
भावा बारा सीझन डबल ट्रॉली ओढलीय म्हणून सांगतो, नको करूस. वजन ओढायचा तुझा हिशोब बरोबर हाय पण थांबायचा हिशोब केलाच न्हाईस. ट्रॉल्यांना ब्रेक नसतोय, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. उताराला मागची पुढचीला ढकलती, पुढची ट्रॅक्टरला. आणि रिकामी किंवा हलकी ट्रॉली मागं असली की ती लई नाचती, भरलेलीपेक्षा जास्त. मागच्या साली अंकलीच्या पुलाच्या अलीकडं पुढं म्हैस आली म्हणून ब्रेक दाबला तर मागची ट्रॉली निम्मा रस्ता अडवून आडवी झाली. उतरून बघितलं, ट्रॉली जोडायची अंगठ्याहून जाड पिन केळ्यागत वाकल्याली. त्यात ऊसबिस नव्हता म्हणून निभावलं, घोडी असती तर काय झालं असतं हे मनात आलं तरी नको वाटतंय. आणि वीसच्या स्पीडनं गेलास तर दहा तास नुसत्या हादऱ्यात, ट्रॉलीचे पाटे, म्हंजे खालच्या स्प्रिंगा, दहा टनाच्या मालासाठी असतात, दोन घोड्यांच्या वजनाला ते दबतच न्हाईत.

पन्हाळ्याचा_स्वार
वरचं सगळं पटलं. ऊस दोरानं आवळला की जागचा हलत नाही, घोडं हलतं. चारशे किलोचं जनावर, वजन सगळं वरच्या अंगाला, वळणावर ते बाहेरच्या बाजूला रेलतं आणि तो झटका ट्रॉलीला बसतो, दोघी एकदम रेलल्या तर विचारूच नका. घोडं तोल सांभाळतं ते मानेनं, म्हणून दावं इतकं आखूड बांधू नका की मान खाली जात नाही आणि इतकं सैलही नको की पाय अडकेल. मी पहिल्यांदा टेम्पोत घोडी नेली तेव्हा पेठ नाक्याला थांबून छातीवर हात ठेवला, ओलीचिंब, चारी पाय फाकवून उभी, खालचा पत्रा लघवी आणि लिदीनं साबणासारखा निसरडा झालेला. तेव्हापासून खाली रबरी मॅट, त्यावर वाळू आणि वर पोती अंथरल्याशिवाय घोडी चढवत नाही.

परदेशी_करवीरकर
मी काही वर्षं अमेरिकेत घोड्यांच्या फार्मवर काम केलंय. तिकडं पिकअपला दोन ट्रेलर लावून जाणारे आहेत, काही राज्यांत चालतं, काही ठिकाणी सरळ बंदी. चालतं तिथं सुद्धा पुढचा ट्रेलर जड आणि त्याचा जोड पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वर बसवलेला असतो, शिवाय ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. साध्या हुकावर दोन लावले तर मागचा ट्रेलर पुढच्याची शेपटी खाली दाबतो, मग पुढच्याचा हुकावरचा भार कमी होतो आणि सगळी रांग डुलायला लागते. शेवटच्या ट्रेलरला झोका सगळ्यात जास्त बसतो, म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर मागं घोडे कधीच नकोत. आणि दोन ट्रेलर रिव्हर्स घेणं जवळपास अशक्य, रस्ता चुकलात तर घोड्या रस्त्यावरच उतरवायची वेळ.

डॉक्टर_जनावरांचा
मोटार वाहन नियमात एका घोड्याला किमान सव्वादोन चौरस मीटर जागा धरलीय, गाडी ठरवताना टेप लावून मोजा. तीन-साडेतीन तासांनी थांबा, पाणी दाखवा, मान खाली सोडू द्या. डोकं तासन्‌तास वर बांधलं की धूळ आणि घाण श्वासनलिकेतून खाली निचरत नाही, मग दोन दिवसांनी ताप आणि न्यूमोनिया. कडबा पाणी शिंपडून द्या. ग्लँडर्सची, म्हणजे घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाची, रक्ततपासणी आधीच करून घ्या, नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातात, त्यामुळं दिवाळीच्या तोंडावर धावपळ केली तर रिपोर्ट हातात येणार नाही. ज्या बाजारात शेकडो घोडी एकत्र येतात तिथं एक आजारी आलं तर सगळ्यांना भोगावं लागतं.

बावडेकर_अश्व
सगळ्यांचे मनापासून आभार. पिनेचं वाचून रात्री झोप नाही आली. ट्रॉली रद्द, उंच फळ्यांचा टेम्पो ठरवतोय, मधे आडवा बांबू टाकून दोघींना वेगळं करतो, कडबा चार पेंढ्या बरोबर आणि बाकी तिकडंच घेतो. काठेवाडी अजून कधी गाडीत चढली नाही, काय करू?

पन्हाळ्याचा_स्वार
आजपासूनच टेम्पो दारात लावायला सांगा, जमत नसेल तर ट्रॉलीच उभी करा, ट्रॅक्टर न जोडता, चाकांना दगड लावून. बांधावरून तिच्यात चढवा, आत भरडा द्या, उतरवा. रोज संध्याकाळी. मारवाडी आधी चढवा, काठेवाडी मागनं आपोआप येईल.