युगांडातील ग्रामीण भागासाठी निधी: नवा बोअर, शाळेची खोली की बचत गट?

माजी_शिक्षिका_सोलापूर

नमस्कार. आमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचा सोलापुरात एक गट असून आजवर आम्ही मोहोळ आणि अक्कलकोट तालुक्यांतील शाळांना मदत करत आलो आहोत. नोकरीनिमित्त कंपाला येथे राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने यंदा पूर्व युगांडातील सोरोटी जिल्ह्यात काम करणाऱ्या एका स्थानिक संस्थेची माहिती पाठवली. त्या भागात ज्वारी, नाचणी, भुईमूग आणि कसावा ही पिके घेतली जातात हे वाचल्यावर आमच्यापैकी अनेकांना ते गाव परके वाटेनासे झाले.

संस्थेने तीन पर्याय सुचवले आहेत: नवा बोअर घेऊन त्यावर हापसा बसवणे, शाळेची एक खोली बांधणे, किंवा महिलांच्या बचत गटांना प्रशिक्षण देणे. बहुतेक सभासदांचा कल बोअरकडे आहे, आणि पाण्याची किंमत सोलापूरकरांना वेगळी सांगावी लागत नाही. परंतु आम्ही निधी एकदाच देऊ शकतो आणि पुढे तिथे जाऊन पाहणेही शक्य नाही. अशा गटाने काय निवडावे? पैसे कायदेशीररीत्या कसे पाठवावेत, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

निवृत्त_हापसा_देखभाल

ताई, या प्रश्नाचा सोलापूरशी आपल्याला वाटतो त्यापेक्षा जवळचा संबंध आहे. 1960 आणि 70 च्या दशकांत दुष्काळी भागांत बोअर घेतले गेले, पण त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप, जे मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी बनवलेले होते, ते अख्ख्या गावाच्या वापराने मोडून पडत. त्या काळात आपल्या सोलापुरात एका स्वशिक्षित कारागिराने घडवलेला ‘शोलापूर पंप’ मात्र टिकत होता. त्याच्याच आधारावर भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ‘इंडिया मार्क 2’ हा हापसा तयार केला. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे 50 लाख हापसे जगभर वापरात होते. युगांडात त्यालाच ‘यू 2’ या नावाने राष्ट्रीय मानक केले आहे, म्हणजे सोरोटीत आपण जो हापसा बसवू त्याचे मूळ इथेच आहे.

आता सावधगिरीचे. हा हापसा सुमारे 50 मीटर खोलीपर्यंतचे पाणी काढतो, पण त्याचा सिलिंडर खाली पाण्यात असतो आणि आतला वॉशर झिजला की सगळे पाईप व रॉड वर ओढावे लागतात. त्यासाठी तिपाई, खास पाने आणि चार-पाच जाणती माणसे लागतात. ही अडचण ओळखूनच पुढे ‘मार्क 3’ आला, ज्यात पाईप जागेवर ठेवून आतला दट्ट्या तेवढा वर काढता येतो. 2009 च्या एका अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील सुमारे एक-तृतीयांश हापसे बंद होते. पाणी आटल्यामुळे बंद पडलेले हापसे असतात, पण मी आयुष्यभर जे पाहिले त्यावरून सांगतो, वॉशर किंवा साखळी वेळेवर न मिळाल्याने बंद पडलेलेही पुष्कळ असतात. शिवाय जिथे भूजल आम्लधर्मी आहे तिथे जस्तलेपित पाईप लवकर गंजतात, पाण्याला लोखंडाची चव येते आणि बायका पुन्हा डबक्याकडे वळतात. तेव्हा पाण्याचा सामू (पाणी किती आम्लधर्मी आहे हे दाखवणारा आकडा) तपासला का आणि पाईप कोणत्या धातूचे आहेत, हे दोन प्रश्न संस्थेला आधी विचारा.

पूर्व_आफ्रिकेत_काही_वर्षे

सोरोटीचे नाव आले म्हणून लिहितो. त्याच जिल्ह्यातील कतिने या सब-काउंटीत (जिल्ह्याच्या एका प्रशासकीय विभागात) 2007 पासून ‘आम्रेफ’ या नैरोबीत स्थापन झालेल्या आरोग्य संस्थेने ब्रिटनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्राच्या आणि बार्कलेज बँकेच्या साहाय्याने आरोग्य, शिक्षण, पाणी, उपजीविका आणि स्थानिक कारभार अशा पाच अंगांनी तीन वर्षांचा प्रकल्प चालवला, ज्याला नंतर एक वर्ष वाढवून मिळाले. गुरे पळवणाऱ्या टोळ्या आणि 2003 मध्ये बंडखोर सैन्याचे हल्ले यांनी तो भाग आधीच मोडला होता. कामाची प्रगती आणि अडचणी दोन्ही वृत्तपत्राने सतत उघडपणे मांडल्या. त्यातून एक गोष्ट फार स्पष्ट दिसली: गावोगावच्या आरोग्य स्वयंसेवकांना उत्तम प्रशिक्षण मिळाले, पण आरोग्य केंद्रातील औषधांचा साठा सरकारच्या हाती होता आणि तो वारंवार संपत असे. रुग्णाला केंद्रापर्यंत आणणारी माणसे तयार झाली आणि केंद्रात गोळ्या नाहीत, ही अवस्था देणगीने सुटत नाही. शाळाखोलीलाही हेच लागू आहे. शिक्षकाचा पगार कोण देणार हे लेखी कळल्याशिवाय भिंती बांधू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

रोख_मदत_समर्थक

मग वस्तू देण्याचा आग्रहच कशाला? केनियातील सियाया भागात ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने 10,500 हून अधिक गरीब कुटुंबांना प्रत्येकी सुमारे 1,000 डॉलर मोबाइलवरून थेट दिले. अभ्यासकांना असे आढळले की दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची भर पडली आणि महागाई जवळजवळ वाढली नाही. कोणाला छप्पर हवे, कोणाला गाय, हे ज्याचे त्याला अधिक कळते.

निवृत्त_हापसा_देखभाल

साहेब, आपले म्हणणे कुटुंबाच्या गरजांपुरते मला पटते. परंतु हापसा साऱ्या गावाचा असतो, आणि रोख रक्कम मिळालेले एखादे कुटुंब त्यातून गावाच्या हापशाचे पाईप बदलेल, अशी अपेक्षा करता येणार नाही. त्यासाठी नियमित पाणीपट्टी आणि बोलावल्यावर येणारा मेकॅनिक हवा. केनियातील किटुई भागात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हापशाच्या दांड्यात संदेश पाठवणारे यंत्र बसवून दुरुस्तीची व्यवस्था उभी केली, तेव्हा जवळपास महिनाभर रखडणारी दुरुस्ती तीन दिवसांच्या आत होऊ लागली. हापसे तेच होते. त्यांची जबाबदारी घेणारे कोणीतरी आले होते, इतकाच फरक.

बचतगट_बार्शी

मी बचत गटांच्या कामात आहे, म्हणून तिसऱ्या पर्यायाविषयी लिहिते. आफ्रिकेतील या गटांची सुरुवात ‘केअर’ या संस्थेने 1991 मध्ये नायजर देशात केली. आपल्या गटांना बँकेची जोड असते, तिथले गट मात्र स्वतःच्याच बचतीवर चालतात. साधारण 15 ते 25 सदस्य, तीन कुलपांची पेटी, किल्ल्या तीन वेगवेगळ्या महिलांकडे, पैसे मोजायचे ते सर्वांसमोर, आणि वर्षाच्या सुमारास बचत व व्याज यांची वाटणी करून पुन्हा नवी सुरुवात. बाहेरून भांडवल ओतले की शिस्त बिघडते, म्हणून खर्च होतो तो प्रामुख्याने प्रशिक्षणावर, आणि तो थोडा असतो. ताई, माझ्या मते हा पर्याय आणि पाणी वेगळे काढूच नये. ज्या गावात पेटी नियमित उघडते, तिथे पाणीपट्टीही गोळा होऊ शकते.

करसल्लागार_होटगी_रोड

पैशांबाबत थोडक्यात: निवासी व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत परदेशात देणगी पाठवता येते. आपला गट नोंदणीकृत न्यास असल्यास मात्र परदेशात केलेल्या खर्चावर करसवलत आपोआप मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता लागते. म्हणून सभासदांनी वैयक्तिक नावाने, बँकेमार्फत, पावती घेऊन पाठवणे सोपे जाईल.

माजी_शिक्षिका_सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. काल सभासदांसमोर हे सर्व वाचून दाखवले. नवा बोअर घेण्याऐवजी संस्था काम करते त्या भागातील बंद हापसे किती आणि ते कशामुळे बंद आहेत याची यादी संस्थेकडून मागवायची, त्यांतील दुरुस्त होण्याजोगे सुरू करायचे, गावातीलच दोघा-तिघांना, शक्य तर महिलांना, मेकॅनिकचे प्रशिक्षण व अवजारांचा संच द्यायचा, आणि उरलेल्या निधीतून त्याच गावांत बचत गट उभे करायचे, असे ठरले आहे. शोलापूर पंपाची हकिकत ऐकल्यावर, बोअरसाठी सर्वाधिक आग्रही असलेल्या सभासदांनीच दुरुस्तीचा प्रस्ताव मांडला. निवृत्त साहेबांना एक विनंती आहे: संस्थेला पाठवायच्या प्रश्नांचा मसुदा मी आज रात्री इथे टाकते, त्यातील पाईप, सामू आणि सुट्या भागांविषयीचा मजकूर आपण तपासून द्यावा.