कावीळ, सीबीडी (मुख्य पित्तनलिका) ९ मिमी, पण खडा दिसत नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टात काय लिहावं?

प्रश्न
रक्तातलं एकूण बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) ८, त्यातलं डायरेक्ट (यकृताने प्रक्रिया केलेलं) ६.५. पित्ताशयात बारीक खडे, यकृतातल्या नलिका किंचित फुगलेल्या. सीबीडीचं खालचं टोक मात्र ड्युओडेनममधल्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या) गॅसमागे लपतंय. 'सीबीडीत खडा नाही' असं लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद १
अजिबात नको. 'खालचं टोक दिसलं नाही' असं स्पष्ट लिहा. खडा बहुतेकदा तिथेच अडकतो आणि सोनोग्राफीत निसटतोही तिथेच.

त्याआधी गॅस हटवून बघा. उलट्या नसतील आणि लगेच एंडोस्कोपी ठरलेली नसेल, तर ३००-४०० मिली पाणी पाजा, उजव्या कुशीवर वळवा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. पाणी ड्युओडेनममध्ये उतरतं आणि त्यातून पलीकडचं दिसू लागतं. मग प्रोब स्वादुपिंडाच्या डोक्यावर आडवा धरून हळूहळू दाब वाढवा. डोक्याच्या मागच्या कडेला सीबीडी काळ्या गोल ठिपक्यासारखी दिसते. ठिपका मध्यभागी ठेवूनच प्रोब फिरवा, नलिका लांबीत उघडते.

मागे काळी सावली पडली नाही म्हणून खडा नाही, असं समजू नका. खालच्या टोकाला खड्याभोवती पित्त जेमतेम असतं. फोकस त्याच खोलीवर आणा, कंपाउंडिंग (अनेक कोनांतल्या प्रतिमा एकत्र करणं) बंद करा. कंपाउंडिंगमुळे सावली पुसट होते.

प्रतिसाद २
माप आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंतच घ्या. साधारण ६ मिमीपर्यंत ठीक. उतारवयात थोडं जास्त, पित्ताशय काढलेलं असेल तर १० मिमीपर्यंतही चालतं. रक्तप्रवाह दाखवणारं कलर डॉप्लर लावाच, नाहीतर हिपॅटिक आर्टरीच (यकृताची धमनी) नलिका म्हणून मोजली जाते.

यकृतातल्या नलिका फुगलेल्या, पण सीबीडी बारीक आणि पित्ताशय रिकामं असेल तर अडथळा वर, हायलमपाशी (नलिका यकृतातून बाहेर पडतात तिथे) शोधा. सीबीडीबरोबर स्वादुपिंडाची नलिकाही ३ मिमीच्या वर गेली असेल तर स्वादुपिंडाच्या डोक्यात किंवा अँप्युलाशी (नलिका ड्युओडेनममध्ये उघडतात तिथे) गाठ आहे का ते बघा.

प्रतिसाद ३
एक भर: नलिका फुगलेली नाही म्हणजे अडथळा नाही, असंही नाही. अडथळा नुकताच झाला असेल किंवा सिऱ्होसिसने यकृत कडक झालं असेल तर ती फुगत नाही. संशय असेल तिथे एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी (दुर्बिणीतून आतून केलेली) सुचवा. काविळीसोबत थंडी वाजून ताप आणि पोटदुखी असेल तर रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लगेच फोन करा.