नागपूरहून एका दिवसात धबधबा आणि गरम पाण्याचा झरा : तुमचे अनुभव लिहा

सासूबाईंना गरम पाण्याचं कुंड बघायचं आहे आणि मुलांना धबधबा. दोन्ही एकाच दिवशी करून रात्री मानेवाड्याला परत यायचं आहे. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, पण उत्साह आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. जे गेले असतील त्यांनी कृपया नुसती ठिकाणांची नावं देऊ नका. किती वाजता निघालात, वयस्कर माणसाला किती चालावं लागलं, काय चुकलं, ते लिहा. आमच्यासारख्या बऱ्याच जणांना उपयोग होईल.

कोराडीहून :

आम्ही सप्टेंबरात अनहोनीला गेलो होतो. पहाटे साडेचारला निघालो. सावनेर, सौंसर, रामाकोना, मग सिल्लेवानीचा घाट. छिंदवाड्यापर्यंत साधारण सव्वाशे किलोमीटर. पुढे तामिया, आणि पिपरियाच्या रस्त्याने झिरपा. महुलझिरजवळ आत अनहोनी आहे. चहा-नाश्ता धरून पोचायला साडेदहा झाले.

गाडीचं दार उघडलं तसा आगकाडी ओढल्यावर येतो तसला वास आला. कुंडाच्या तळातून बुडबुडे येऊन राहिले होते. एकसारखे नाही. तीन-चार यायचे, मग थांबायचे, मग भलतीकडूनच एक यायचा. आई काठावर बसून कितीतरी वेळ तेवढंच बघत होती. उगमाशी हात लावायची सोय नाही, इतकं पाणी तापलेलं. ते पुढे ओहळासारखं वाहतं आणि खाली जावं तसं सोसवतं. लोक तिथे पाय सोडून बसतात, कातडीच्या आजाराला गुण येतो म्हणतात.

चूक त्यानंतर झाली. एवढं आलो तर पातालकोट बघूनच जाऊ, असं ठरलं. दरी आहेच तशी, वरून पाहिलं तरी बोलणं थांबतं. खाली भारिया आणि गोंडांची गावं आहेत. पण त्यात तीन तास गेले आणि कुकडीखापा अंधारात राहिला. हा धबधबा रामाकोना आणि उमरानाला स्टेशनांच्या मधे आहे. बाबा तरुणपणी नॅरोगेजने छिंदवाड्याला जायचे तेव्हा पावसाळ्यात सगळा डबा त्या बाजूच्या खिडक्यांशी गोळा व्हायचा. ती गाडी २०१५ साली बंद झाली. बाबांनी नातवंडांना तो धबधबा दाखवायचा म्हणून महिनाभर सांगून ठेवलं होतं. परतताना घाटात ते काही बोलले नाहीत. ताई, अनहोनी आणि कुकडीखापा एवढंच ठेवा. तिसरं काही घालू नका.

प्रतापनगरहून :

सासूबाईंचे गुडघे दुखतात तर छिंदवाड्याकडचं अंतर जास्त होईल. आम्ही आईला घेऊन सालबर्डीला गेलो. काटोल, वरूड, मोर्शी आणि मग सालबर्डी, मध्य प्रदेशाच्या अगदी हद्दीवर. रस्ताभर संत्र्याच्या बागा. महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते, पण श्रावण उलटल्यावर शांत असतं. गुहेतल्या महादेवापर्यंत चढ आहे, आई वर गेली नाही. खाली झऱ्याच्या कोमट पाण्यात पाय सोडून बसली आणि आम्ही उतरून येईपर्यंत शेजारच्या बाईशी तिची मैत्री झाली होती.

तिथून परतवाड्यावरून मुक्तागिरी. ५२ जैन मंदिरं आणि मागच्या कड्यावरून पडणारा धबधबा. पायऱ्या पुष्कळ आहेत, पण धार खालच्या अंगणातूनही दिसते. आईने ती तिथूनच बघितली. हे तीर्थक्षेत्र आहे, म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवा की तिथे भिजायला जात नाहीत. डबा आम्ही रस्त्यातच उघडून खाल्ला होता. दशम्या, लसणाची चटणी आणि कांदा.

सेमिनरी हिल्सहून :

मी आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवलं, म्हणून एक गैरसमज काढतो. आपल्याकडे काळा दगड लाव्ह्याचा, म्हणून झरेही ज्वालामुखीने तापलेले, असं बरेच जण समजतात. तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच गार झालेला. पावसाचं पाणी जमिनीतल्या भेगांतून खोल जातं. खोलीबरोबर उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. नर्मदा आणि सोन नद्यांच्या पट्ट्यात अशा भेगा फार आहेत आणि जमिनीतली उष्णताही जरा जास्त. अनहोनी आणि सालबर्डी दोन्ही त्याच पट्ट्यातली.

धबधब्यांचं कारण मात्र तोच लाव्हा. तो थरांवर थर साचला. मऊ थर झिजतो, वरचा कठीण थर पुढे राहतो, आणि पाणी तिथून उडी घेतं. मुलांना कड्यावरच्या आडव्या रेघा मोजायला सांगा. माझी नात सात मोजून आली होती आणि घरी आल्यावर तिने ते चित्र काढलं.

मेडिकल चौकातून :

मी नर्स आहे. सासूबाईंना शुगर आहे का? असेल तर हे नक्की वाचा. माझ्या स्वतःच्या मावशीने झऱ्यात पाय सोडले. तिला ते छान कोमट वाटलं. रात्री घरी मोजे काढले तर दोन्ही पावलांना फोड. शुगरमुळे पायांची जाणीव गेली होती, चटका कळलाच नाही. पुढे जखम भरायला दीड महिना गेला, आणि मी सोबत असून हे झालं. पाणी आधी तुम्ही कोपराने बघा, मग त्यांना पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. बीपी, हृदयाचा त्रास असेल तर अंगभर उतरू देऊ नका.

हिंगण्याहून :

सहस्रकुंडाचा विचार कोणी करत असेल तर एका दिवसात नको. पैनगंगा काळ्या खडकावरून फुटून पडते, तिथून निघावंसं वाटत नाही. त्यात किनवटकडे उनकेश्वरचे गरम झरे जोडायला गेलो तर रात्री दीडला घरी आलो. मुक्काम करा. आणि कुठल्याही धबधब्याखाली पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला, की सामान सोडून आधी बाहेर. डोक्यावर ऊन असलं तरी. वर पाऊस झालेला असतो. आम्ही चप्पल सोडून पळालो. दहा मिनिटांनी आम्ही बसलेला खडक दिसत नव्हता.

धरमपेठेतून :

चिखलदऱ्याचा भीमकुंड धबधबा ऑगस्टात पाहायला गेलो. पाहिला असं म्हणवत नाही, धुकं इतकं होतं की फक्त आवाज ऐकला. तरी पुन्हा जाणार.

मानेवाड्याहून :

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना मी हे वाचून दाखवलं. शुगर आहे, आणि पायांना मुंग्या येतात हे त्यांनी आज पहिल्यांदा सांगितलं. आधी डॉक्टरांना दाखवतो. मग सालबर्डी आणि मुक्तागिरी. पाण्याला हात लावून काठावर बसेन, म्हणाल्या, पण येणार. कोराडीचे दादा, तुमच्या बाबांना घेऊन कुकडीखाप्याला परत जाऊन या. पाणी अजून आहे.