बारूद लागलेला कचरा: मैदानात जाळायचा की बंद भट्टीत?

वर्धेकर_७२:
पुलगावला नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा नष्ट करायच्या वेळी ६ जण गेले, तेव्हापासून डोक्यात आहे हे. बारूद लागलेले खोके, हातमोजे, चिंध्या, गाळ, सगळं अजून मोकळ्यावर पेटवतात. अमेरिकेत लुइझियानात कॅम्प मिंडेन या लष्करी तळावर एका कंत्राटदाराने जवळपास ७० लाख किलो एम-६ प्रोपेलंट (तोफगोळा ढकलणारं बारूद) तसंच सोडून हात वर केले, सरकार म्हणालं उघड्यावर जाळू, लोक अडून बसले आणि शेवटी बंद चेंबर आणून, धूर गाळून, २०१६-१७ मध्ये सगळं जाळलं. मग आपल्यालाच काय धाड भरलीये?

बारूदखाना_रिटायर्ड:
अहो, पुलगाव तर तुमच्याच विरोधात जातंय. ती माणसं धुराने नाही गेली, पेट्या उतरवताना स्फोट झाला. भट्टी म्हटली की माल तिथवर न्या, उतरवा, निवडा, मोजून आत भरा, म्हणजे हात लागायची वेळ चारदा. मैदानात पातळ थर पसरायचा, वारा बघायचा, लांबून पेटवायचं, जागा पूर्ण गार होईपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. नोकरीभर हेच केलं, दहाही बोटं शाबूत आहेत.

झुडपी_जंगल:
काका बोटं तुमची शाबूत, पण विहीर कोणाची? टीएनटी हे स्फोटक मिसळलेलं पाणी आधी साधंच दिसतं, उन्हात राहिलं की गुलाबी होतं, म्हणजे दिसतं तरी. आरडीएक्सचं तेही नाही, ते मातीत फारसं थांबतच नाही, सरळ भूजलात. आणि राखेत न जळलेले कण उरतातच.

बारूदखाना_रिटायर्ड:
गुलाबी पाणी आम्ही कोळशातून गाळायचो. मग तो कोळसाच स्फोटक कचरा! आता तो कुठे टाकू ते सांगा. आणि छोट्या कारखान्याने पोतंभर चिंध्यांसाठी भट्टी घ्यायची का?

वर्धेकर_७२:
एकट्याने काहून घ्यायची? नागपूरच्या आसपास एवढे कारखाने, स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या पेसोचं मुख्यालय पण तिथेच, सगळ्यांची मिळून एक करा. जे हलवायलाच धोक्याचं ते जागेवर जाळा, मान्य. पण चिंध्या न् खोक्यांना ती सबब लावू नका.

बारूदखाना_रिटायर्ड:
चिंधीत किती बारूद मुरलंय ते वरून कळतं का तुम्हाला? आधी ते तपासणारा माणूस आणा, मग भट्टीचं बोलू.

सुपारी_कातर:
तुमचं भट्टी की मैदान चालू द्या, आमच्या शेजारी कोंबड्यांचं खुराडं असल्याच पेटीचं आहे, भंगारातून आणलेली, स्फोटकांचं नारंगी लेबल अजून तसंच. ती कोणी जाळायची होती?